न खाल्लेल्याचा रकाना

माझ्या प्रबंधात तीन रकाने होते: वाढलेलं, खाल्लेलं, न खाल्लेलं. चौथा हवा होता हे मला आज कळतंय असं म्हटलं, तर ते खोटं होईल. मला तेव्हाही कळत होतं.

पोषणशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला प्रत्येकाला काही ना काही तोलावं लागतं. कुणी तान्ही बाळं तोलतं, कुणी गरोदर बायका. माझ्या वाट्याला विद्यापीठाच्या मेसमधलं खरकटं आलं. सहा आठवडे, दुपारी बारा ते दोन, मी ताटं परत घ्यायच्या खिडकीपाशी पांढरा कोट घालून उभी असायचे. समोर तीन बादल्या. एकीत सूप, एकीत भात आणि बटाटे, एकीत हाडं. पोरं जाता जाता टोमणे मारायची.

"काय लुझमिला डॉक्टरीणबाई, आमच्या हाडांत काही सापडलं का?"

"सापडलं ना! मांस सोडून सगळं सापडलं," आतून फाउस्ता मावशी परस्पर उत्तर द्यायची आणि मोठा डाव भांड्यावर आपटायची. तिच्या हातचं बार्लीचं सूप पातळ असायचं, पण जीभ दाट होती.

मेसची आठशे कार्डं होती, आणि त्यातल्या जवळजवळ तीनशे पोरांकडे डबा असायचा. टेबलाशी बसायचं, अर्धं खायचं, अर्धं डब्यात भरायचं आणि डबा पोटाशी धरून बाहेर पडायचं. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. कुणाच्या खोलीवर धाकटी बहीण असे, कुणी स्वतःच्याच रात्रीची सोय करी. कुणासाठी नेतोस असं विचारायची रीत नव्हती. डबा दिसला की फाउस्ता मावशी अर्धा डाव जास्त ओतायची, तोंडानं मात्र शिव्या घालायची.

मी दाराशी डबेही तोलले. आकडा कुठं लिहायचा ते मात्र कळेना, म्हणून मार्गदर्शक ओरफेलिंदा बाईंकडे गेले.

"बाई, डब्यातलं कुठं धरू?"

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "ते विद्यार्थ्याच्या पोटात जाताना तू पाहिलंस?"

"नाही."

"मग झालं तर. न खाल्लेलं."

"पण बाई, कुणीतरी खातंच ना ते."

"तुझा विषय काय आहे? विद्यार्थ्यांचं पोषण. शहराचं पोषण नाही. रकाने वाढवत बसलीस तर पुढच्या वर्षीही इथंच असशील."

बाईंचं शास्त्राप्रमाणे बरोबर होतं. मी तसंच लिहिलं.

त्या डब्यांतला एक एदेलमिराचा होता. आम्ही दोघी एकाच खोलीत राहायचो. ती शेतकीच्या तिसऱ्या वर्षाला, डोंगरावरच्या गावातली. तिचे वडील, डॉन साबिनो (वडीलधाऱ्यांना आमच्याकडे मानानं डॉन म्हणतात), बावीस वर्षं खाणीत होते आणि खाणीची धूळ छातीत घेऊनच बाहेर आले. दवाखाना जवळ असावा म्हणून त्यांना तिनं शहरात आणलं होतं. वरच्या वस्तीत एक पत्र्याची खोली घेतली होती. रोज दीड वाजता ती डबा घेऊन दोनशे पायऱ्या चढायची आणि तीनच्या प्रात्यक्षिकाला धापा टाकत परत यायची. माझ्या काट्यावर डबा ठेवताना म्हणायची, "तोल बाई, तोल. आज एक बटाटा जास्त आहे, चोरला म्हणून लिहू नकोस."

तिचा डबा मी तीसेक वेळा तोलला असेन. सरासरी चारशे दहा ग्रॅम. तिच्या वडिलांचं जेवण मी माझ्या हातानं न खाल्लेल्यात मांडलं.

फ्रँकलिन आयवार आमच्या विद्यार्थी संघाचा मुख्य सचिव होता. कायद्याचा विद्यार्थी, आवाज असा की मागच्या भिंतीपाशी झोपलेला उठून बसावा. विद्यापीठाच्या मंडळात तिसरा हिस्सा विद्यार्थ्यांचा, त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन होतं. त्यानं निवडणुकीत एकच वचन दिलं होतं: रविवारचं जेवण. रविवारी मेस बंद असे. रविवार म्हणजे काय हे आम्हालाच ठाऊक. पाव, पाण्यासारखी ओटची पेज, आणि दुपारपर्यंत अंथरुणात पडून राहायचं, कारण झोपेत भूक कमी लागते. कुलगुरू दर वेळी सांगायचे, पैसे नाहीत.

त्यानं माझा तक्ता पाहिला आणि उभाच राहिला.

"एकतीस टक्के! लुझमिला, हे काय आहे तुला कळतंय का? आठवड्याचे सहा दिवस, त्यातले एकतीस टक्के, म्हणजे जवळजवळ दोन दिवसांचं जेवण पोरांच्या पोटात जातच नाही. आपल्याला हवाय एक रविवार!"

"त्यात डबे आहेत, फ्रँकलिन."

"किती?"

"एकवीस डब्यांचे. बादलीतले फक्त दहा."

त्यानं तक्ता पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. तो वाईट माणूस नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. "हे तक्त्यात कुठं लिहिलंय?"

"नाही लिहिलं. रकाना एकच आहे."

"मग मी तक्ता वाचणार. त्यात नाही ते कसं वाचू? आणि हे बघ, रविवारी आठशे पोरं जेवतील. आठशे! संघात पोषण सचिवाची जागा रिकामी आहे, ती तू घे. काही चुकलं तर तूच दुरुस्त कर."

मी ती जागा घेतली. मलाही रविवार हवा होता. आणि माझं नाव भरसभेत घेतलं जाणार होतं, तेही हवं होतं. लाज वाटते लिहिताना, पण हवं होतं.

सभा बास्केटबॉलच्या मैदानावर, पत्र्याच्या छपराखाली झाली. सहाशेच्या वर पोरं. एदेलमिरा माझ्या शेजारी बसली होती.

"साथींनो!" फ्रँकलिननं सुरुवात केली. "रविवारी आपल्या आतड्यांना सुट्टी असते का?"

"नाही!" सगळं मैदान हसलं.

"कुलगुरू म्हणतात अन्न नाही. मी म्हणतो आहे! ते आपल्यापुढे वाढलं जातं आणि आपल्या पोटात जात नाही. हे मी म्हणत नाही, माझं काय, मी वकील होणार, मी काहीही म्हणेन. हे शास्त्र म्हणतं. आपल्यातलीच एक मुलगी म्हणते, जी सहा आठवडे आपल्या खरकट्यापाशी उभी राहिली. शंभरातले एकतीस घास, साथींनो! ते आपले आहेत. आपण ते परत घेणार की नाही?"

टाळ्या थांबेनात. मग त्यानं ठराव सांगितला. वाढलेलं सगळं टेबलाशीच खायचं, दाराबाहेर काही न्यायचं नाही, आणि वाचेल त्यातून रविवारचं जेवण. कुलगुरूंनी ही अट आधीच मान्य केली होती.

मागून कुणीतरी ओरडलं, "आणि डबे?"

फ्रँकलिननं माईक हातात घेऊन पुढे केला. आवाज एकदम मऊ. "रास्त प्रश्न आहे. ज्याला डबा लागतो त्यानं इथं यावं, सगळ्यांना सांगावं कुणासाठी लागतो. आपण ऐकू. हा माईक घ्या."

माझा बाप उपाशी आहे, हे सहाशे जणांपुढे कोण सांगणार? आमच्याकडे माणूस भूक सोसेल, पण तिचं नाव चारचौघांत घेणार नाही. तीनशे डब्यांतला एकही उठला नाही. फ्रँकलिनला ते माहीत होतं का, हा प्रश्न मी त्याला आजवर विचारलेला नाही.

"सांग ना," मी एदेलमिराला हळूच म्हटलं.

"तू सांग. तुझे आकडे आहेत. तुला माहीत आहे."

"अगं पण तुझी गोष्ट मी कशी..."

"माझं नाव नको घेऊस. नुसतं सांग, डबे आहेत म्हणून."

मी उठले नाही. मला वाटलं, नंतर काहीतरी वाट काढता येईल. फ्रँकलिन म्हणाला, "ठरावाच्या बाजूनं हात!" आणि हातांचं रान उभं राहिलं. माझाही गेला. एदेलमिरानं इकडं तिकडं पाहिलं, आजूबाजूचे तिच्याकडे बघत होते, आणि तिनंही केला.

दुसऱ्या आठवड्यापासून मेसच्या दाराशी हिरव्या पट्ट्या बांधलेली पोरं उभी राहिली. आमच्या संघाचीच. पिशव्या उघडून बघायची, डबा सापडला की ठेवून घ्यायची. फाउस्ता मावशी डाव आपटत म्हणाली, "वा रे वा! आधी पोलीस आमच्या चळवळीची झडती घ्यायचे, आता चळवळच पोरांच्या बटाट्यांची झडती घ्यायला लागली." पट्टीवाल्यांना हसू आलं. मला नाही आलं.

पंधरा दिवस एदेलमिरा बटाटे बाहीतून न्यायची. सूप नेता येत नव्हतं, आणि डॉन साबिनोंना खोकल्यामुळे कोरडं गिळता येत नव्हतं. मग तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीत सूप भरून ती घागऱ्याच्या नाडीत खोवायला सुरुवात केली. ती कशी खोवते हे मी खोलीत पाहिलं होतं. पाहून मान फिरवली होती.

एका गुरुवारी दाराशी गर्दीत कुणाचा तरी धक्का लागला आणि पिशवी फुटली. गरम सूप तिच्या पायांवरून खाली आलं, बार्लीचे दाणे मोज्यांवर चिकटले. रांगेतले काही हसले. ती उभीच राहिली, हलली नाही, कारण हलली असती तर उरलेलंही सांडलं असतं.

नियमाप्रमाणे एक महिना कार्ड बंद. कागदावर पोषण सचिवाची सही लागत होती.

"मी नाही करणार," मी फ्रँकलिनला म्हटलं.

"पहिलाच कागद आहे. आणि ती तुझ्याच खोलीतली. तिला सोडलंस तर उद्या सगळे म्हणतील, आपल्या मैत्रिणीला वेगळा न्याय. मग कुलगुरू रविवार काढून घेतील. आठशे पोरं, लुझमिला. एका बाजूला आठशे, एका बाजूला एक महिना. तू सांग."

त्याला द्यायची उत्तरं मला आता रोज सुचतात. तेव्हा मी सही केली.

संध्याकाळी खोलीत एदेलमिरा मोजे धूत होती. मी म्हटलं, "महिनाभर माझ्यातलं अर्धं तू घे."

"कुठं बसून? माझं कार्ड नाही, मला आत सोडत नाहीत."

"मग मी बाहेर..." आणि मी थांबले.

ती हसली. मनापासून हसली, हे जास्त लागलं. "नियम पक्का बांधलात गं तुम्ही. उंदराला जायला फट ठेवली नाहीत."

"एदेलमिरा, मला माफ कर."

"माफी काय करू? ताइताला सुपात घालून देऊ?" वडिलांना ती ताइता म्हणायची.

ती पहाटे पाचला बाजारातल्या खानावळीत बटाटे सोलायला जाऊ लागली. मजुरी म्हणून दोन वाट्या सूप. ते सूप घेऊन पायऱ्या चढायची, तोवर सकाळची प्रात्यक्षिकं निघून जायची. तिसऱ्या आठवड्यात तिच्या एका सरांनी मला गाठून विचारलं, ती पोरगी शिकणार आहे की नाही? मी म्हटलं, आजारी आहे. एवढं तरी खोटं तिच्यासाठी बोलले.

आणि मग पहिला रविवार आला. मेसमध्ये कागदी पताका लावल्या होत्या. भाजलेली कोंबडी, भात, जांभळ्या मक्याची खीर. कुलगुरू, पुढारी, पत्रकार आले, फोटो निघाले, फ्रँकलिननं दोनच मिनिटं भाषण केलं आणि छान केलं. पोरं खरंच पोटभर जेवत होती, आणि ते पाहून मला आनंद झाला हेही खरं. ते नाकारणार नाही.

तेवढ्यात दाराशी डॉन साबिनो दिसले.

मी त्यांना अंथरुणाबाहेर कधी पाहिलं नव्हतं. डोक्यावरची टोपी हातात, अंगात धुतलेला सदरा, भिंतीला धरून श्वास जमवत होते. दोनशे पायऱ्या उतरून, चौकातून चालत आले होते. मी धावत गेले.

"लिहिणाऱ्या बाई तुम्हीच ना?" त्यांना आमची भाषा नीट येत नव्हती, शब्द एकेक वेचून ठेवत होते. "चूक माझी आहे, बाई. पोरीनं नाही खाल्लं. मी खाल्लं. कागदावर माझं नाव लिहा. साबिनो. मी खाल्लं म्हणून लिहा."

"आधी बसा तुम्ही."

"मला आता फार लागतही नाही. अर्धी वाटी. तीही नाही. तिचं कार्ड द्या. ती सकाळी झोपत नाही, बाई."

मी त्यांचा दंड धरला आणि माझ्या जागेवर आणून बसवलं. माझं ताट पुढे सरकवलं. कोंबडी अजून गरम होती. त्यांनी ताटाकडे पाहिलं. हात मात्र टोपीवरच ठेवले.

हिरव्या पट्टीवाला एक मुलगा आला, अगदी अदबीनं. "साथी, बाहेरच्या माणसाला इथं... कुलगुरू बघतायत."

डॉन साबिनोंना शब्द कळले नसतील, पट्टी कळली. खुर्ची मागे ढकलून ते तटकन उठले.

"नको, नको. बाई, मी काही खाल्लं नाही. तुम्ही बघितलंत ना? पोरीला आणखी एक महिना नको."

"डॉन साबिनो, बसा! काही होत नाही!"

"मी हात लावला नाही," ते पट्टीवाल्याला म्हणाले, आणि तळहात उघडून दाखवले.

मी फ्रँकलिनकडे वळले. तो चार हातांवर बसला होता, त्यानं सगळं पाहिलं होतं. "बोल ना आता! तुझ्याकडे माईक आहे, बोल!"

त्याच्या तोंडात घास होता. त्यानं तो गिळला आणि खाली बघितलं. "आज नको, लुझमिला. प्लीज. आज नको."

मी माईक घ्यायला हवा होता. एवढे पुढारी, एवढे पत्रकार, एवढी पोरं एका छपराखाली पुन्हा कधी मिळणार होती? पण म्हातारा दारापर्यंत पोचला होता आणि पायरीवर त्याचा तोल जात होता, म्हणून मी त्याच्यामागे गेले. निदान मी स्वतःला तसं सांगते. वरच्या वस्तीपर्यंत पोचायला आम्हाला दीड तास लागला. वाटेत ते दर दहा पायऱ्यांवर थांबत आणि प्रत्येक वेळी मला एकच विचारत, कार्ड मिळेल ना?

मंगळवारी ते कुणाला न सांगता गावच्या गाडीत बसून गेले. शेजारणीकडे निरोप ठेवला होता: गावाला बहीण आहे, बटाटे आहेत, पोरीनं आता फक्त स्वतःचं जेवावं. गाव आमच्या शहरापेक्षा आणखी उंच. त्या उंचीवर धडधाकट माणसाला धाप लागते. त्या छातीला तिथं किती दिवस, हे शेजारणीलाही ठाऊक होतं आणि त्यांनाही.

एदेलमिरा गावाला जाऊन आली. त्यांनी यायला साफ नकार दिला. तू परीक्षा दे म्हणाले.

महिना संपला, कार्ड मिळालं. संघाच्या बैठकीत मी डबे परत सुरू करायचा ठराव आणला, या वेळी एकवीस आणि दहा वेगळे करून, मोठ्या अक्षरांत. फ्रँकलिननं प्रामाणिकपणे मांडू दिला. मग कुणीतरी विचारलं, डबे आले तर रविवार राहील का? मी म्हटलं, नाही. बाजूनं चार हात आले. माझा धरून.

प्रबंधात त्या वर्षीचा पहिला क्रमांक मला मिळाला. ओरफेलिंदा बाई म्हणाल्या, विद्यापीठात अंमलात आलेलं आमच्या विभागाचं हे पहिलंच संशोधन.

जूनमधला तिसरा रविवार होता. एदेलमिरा माझ्या समोर येऊन बसली. जागा दुसरी नव्हती म्हणून, एरवी ती बसत नसे. मसूर, भात, अंडं, खीर. तिनं तीनचार घास खाल्ले असतील, तेव्हा तिचा फोन वाजला. तिनं कानाला लावला. त्यांच्या भाषेत दोन शब्द बोलली, मग नुसतं ऐकलं, मग फोन पालथा टेबलावर ठेवला.

"काय झालं?"

"ताइता गेला. सकाळी."

"चल," मी उठले, "चल, निघू या. मी येते तुझ्याबरोबर."

"रविवारी वरची गाडी चारला असते. त्याच्या आधी नाही." तिनं चमचा उचलला. "जेवून घेते. तो गेला तो यासाठीच ना."

ती जेवली. सावकाश, एकेक घास चावून, डोळ्यांतून पाणी येत होतं ते न पुसता जेवली. आजूबाजूला पोरं हसत होती, कुणीतरी खीर आणखी मागत होतं. मी समोर बसून होते. माझ्या ताटाला मला हात लावता येईना, आणि ते कुणाला देताही येत नव्हतं.